नकुशीमावशीचा उजवा खांदा

शिक्रापूरहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या अब्बांचं भंगाराचं दुकान आहे. दुकानाला लागून एक पत्र्याची शेड, आणि त्या शेडखाली रखमाजी सोळंके यांची भट्टी. ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे अब्बांकडे येत. त्यातले चांगले रखमाजीकाका बोटानं वाजवून निवडत आणि त्यांचे कोयते, विळे, कुऱ्हाडी करत. घिसाड्यांचं हे कुटुंब आधी गाढवांवर बिऱ्हाड घालून दौंड, शिरूर, श्रीगोंदा असं फिरायचं. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास ते आमच्या शेजारी आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात दखनी, त्यांच्या घरात त्यांची वेगळीच बोली, आणि मधल्या कुंपणावरून सगळा कारभार मराठीत.

माझी झोप रोज त्यांच्या आवाजानं मोडायची. टिक्, धाड्. टिक्, धाड्. टिक् काकांच्या छोट्या हातोडीचा, धाड् त्यांच्या बायकोच्या, नकुशीमावशीच्या घणाचा. घिसाड्यांच्या भट्टीत पुरुष बसतो आणि बाई उभी राहते. पुरुषाच्या एका हातात सांडशी, सांडशीत लालभडक लोखंड, दुसऱ्या हातात हातोडी. तो हातोडीनं जिथं टिक् करेल तिथं समोर उभ्या बाईनं घण घालायचा. टिक् हलका आला तर घाव हलका, जोरात आला तर जोरात. आणि हातोडी लोखंडावर न पडता मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. तोंडानं कुणी काही बोलत नाही. अम्मी म्हणायची, "इन दोनों का भांडण भी ऐरणीपरच होता होगा."

मावशी बुटकी, पण तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा ठळक दिसायचा. पोलक्याची उजवी बाही तिला नेहमी घट्ट व्हायची. घरात चौथी मुलगी झाली म्हणून आजीनं तिचं नाव नकुशी ठेवलं होतं. ती स्वतः त्यावर हसायची.

"आईबापाला नको व्हते, पर घणाला लई पायजे झाले," ती सांगायची. "आमच्यात पोरीचा रंग कोन बघतंय? सासरा बघायला आला तवा म्हनला, हात दाखव. मला वाटलं, नशीब सांगतो का काय. तर त्यानं खांदा दाबून बघितला आन् म्हनला, चालंल."

या खांद्यावर त्या घरानं तीस वर्षं काढली. त्यातून त्यांचा मुलगा बाळासो शिकला, आयटीआय झाला, रांजणगावच्या एका कारखान्यात मशीनवर लागला आणि तिकडंच खोली घेऊन राहिला. इकडं भट्टीवर पुन्हा दोघंच उरले. टिक्, धाड्.

२००८च्या जानेवारीत उसाचा हंगाम जोरात होता. दौंडकडच्या फडांवरून बोथट कोयत्यांचे भारे यायचे, त्यांना तापवून पुन्हा धार काढून द्यायची. मावशीचा खांदा दोन वर्षं दुखतच होता. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालताना हात अर्ध्यातच थांबतो, हे ती अम्मीला सांगायची आणि सकाळी पुन्हा घण उचलायची. एके दिवशी तिचा घण पाट्याच्या कडेवर बसला, घसरला आणि ऐरणीवरून उलटा उसळला. तिनं तो सोडला नाही. घण सोडायचा नसतो, समोर नवऱ्याचं डोकं असतं. तिनं तो ओढून धरला आणि खांद्यात कट् असा आवाज झाला. काका म्हणतात, तो त्यांनाही ऐकू आला.

पुढं जे आपल्याकडं होतं तेच झालं. हाड बसवणाऱ्यानं तेल चोळलं. शिरूरच्या दवाखान्यात सुई घेतली. महिना झाला तरी हात वर जाईना. डाव्या हातानं उचलून वर नेला तर जायचा, सोडला की दगडासारखा खाली.

मी तेव्हा बायोटेक्नॉलॉजी शिकून पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले होते. अब्बा म्हणाले, "रुबी, तुझे डॉक्टर आहेत ना खांद्याचे? दाखव तिला." घिसाडी अमावास्येला भट्टी पेटवत नाहीत. म्हणून अमावास्येचा दिवस धरून आम्ही तिघं एसटीनं पुण्याला गेलो.

डॉ. सत्यजीत यांनी स्कॅनची फिल्म उजेडावर लावली आणि मला बोटानं दाखवलं. आपल्या खांद्याच्या गोलाला धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या चार दोऱ्या असतात. हाडाच्या टोकाशी त्या घट्ट बसलेल्या असतात. मावशीची वरची दोरी हाडावरून सुटून मागं सरकली होती आणि मागच्या दोरीचाही काही भाग तिच्याबरोबर गेला होता.

शिवता येतं. हाडात बारीक अँकर बसवायचे आणि त्यांच्या धाग्यांनी दोरी ओढून पुन्हा जागेवर बांधायची. अडचण शिवण्यात नाही, शिवल्यानंतर आहे. दोरी मऊ, हाड कडक. निसर्ग या दोघांना एकदम जोडत नाही. दोरी हळूहळू कानात असते तशा कूर्चेसारखी होत जाते, कूर्चा हळूहळू हाडासारखी होते, आणि कुठं काय संपलं ते कळू नये अशी ती गाठ जन्मभर ताण सोसते. एकदा ती फाटली की तो मधला भाग तसाच परत येत नाही. तिथं व्रणाचा पापुद्रा धरतो, आणि तो कच्चा असतो. फाट मोठी असेल तर बांधलेलं पुन्हा सुटायची भीती मोठी.

म्हणून डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास सुरू केला होता. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, सुईनं काढायचा. त्यात मूळपेशी असतात, म्हणजे पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. आमच्या प्रयोगशाळेत तो मगज यंत्रात फिरवून पेशींचा थर वेगळा करायचा आणि शिवलेल्या जागी, दोरी आणि हाडाच्या मध्ये, सोडायचा. आशा अशी की त्या पेशी तो हरवलेला मधला भाग पुन्हा घडवतील. प्राण्यांवर काही ठिकाणी बरं दिसलं होतं. माणसांत किती उपयोग होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग काकांकडं बघून म्हणाली, "कुऱ्हाडीला पोलाद भरताना आपन सवागी टाकतो, तसंच हाय हे."

"सवागी म्हणजे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"बोरॅक्स, सर. नरम लोखंडाला पोलादाची धार जोडताना मध्ये टाकतात. त्यानं सांधा चांगला धरतो."

"बरोबर," डॉक्टर हसले. "फक्त तुम्ही सवागी टाकून मग ठोकता. इथं ठोकायचं नाही. इथं थांबायचं."

"थांबीन की."

"आणि मावशी, हा अभ्यास आहे. तुमची परवानगी लागेल."

"ते जे घालनार, ते माझंच हाय ना? दुसऱ्या कुनाचं न्हाई?"

"तुमच्याच कमरेतलं."

"मंग माझंच मला द्यायला मला काय इचारता?"

काका खाली बघून हसले. पण बाहेर आल्यावर बाळासो हसला नाही. तो रजा काढून थेट हॉस्पिटलात आला होता. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. कॉरिडॉरमध्ये तो वडिलांना म्हणाला, "दादा, आता बास करा. आईचा हात गेला तर भट्टीवर घण कोन मारनार? माझ्या कंपनीच्या गेटवर वॉचमन पायजे. मी सायबाशी बोललोय. खोलीवर या दोघं."

"मी गेटवर बसून काय करू?"

"शिट्टी वाजवायची. गाड्या मोजायच्या."

"लोखंड न्हाई काय?"

"कंपनीत लई लोखंड हाय, पर त्याला हात लावायचा न्हाई."

मावशी मध्येच म्हणाली, "दसऱ्यापातुर थांब रं. दसऱ्याला मी घण उचलला न्हाई तर आमी येतो तुझ्या खोलीवर. मंग वाजवू दे म्हाताऱ्याला शिट्टी." उसाचा हंगाम दसऱ्याच्या पुढं सुरू होतो. त्याआधी कोयते तयार नसले तर घिसाड्याचं वर्ष गेलं म्हणायचं. बाळासोनं मान हलवली. ठरलं ते ठरलं.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हते. मी खालच्या मजल्यावर यंत्राजवळ उभी होते. वरून आलेला मगज काळपट लाल होता. फिरवून झाल्यावर त्यातून जो थर हाती आला तो चहाच्या चमच्यात मावला असता. लहानपणापासून जिचा धाड् धाड् आवाज ऐकत उठले तिच्यातलं हे एवढंसं. ते वर पाठवलं आणि मग मात्र मला काही सुचेना. मी उगीचच टेबल पुसत बसले.

घरी जाताना डॉक्टरांनी मावशीला निळ्या कापडाची झोळी गळ्यात घातली आणि नियम सांगितले. कोपर अंगाला चिकटलेलं राहिलं पाहिजे. हात वर न्यायचा नाही. काहीही उचलायचं नाही, तांब्यासुद्धा नाही. सहा आठवडे. मावशीनं ते तीनदा म्हणून दाखवलं, शाळेतल्या कवितेसारखं.

आणि तिनं ते पाळलं. अम्मी मला फोनवर सांगायची, "तिनं भाकरी सोडली, झाडू सोडला, डोकं सुद्धा माझ्याकडून विंचरून घेते. काकाच चूल पेटवतात." भर उन्हाळा, कापडाखाली घाम, पण झोळी तिनं झोपेतही काढली नाही. दुखणंही लवकर कमी झालं. सगळे म्हणत होते, सवागी लागू पडली.

पाचव्या आठवड्यात मी रविवारी घरी गेले. पेरणीआधीचे दिवस. शेतकरी कुळवाच्या फासा, म्हणजे लोखंडी पाती, शेवटून, म्हणजे ठोकून धारदार करून घ्यायला भट्टीवर येत होते. नुसता टिक् टिक् आवाज ऐकू येत होता. काका एकटेच जमेल ते करत होते. मी कुंपणाशी गेले.

मावशी भट्टीजवळ बसली होती. गळ्यात निळी झोळी, कोपर अंगाला घट्ट चिकटलेलं. आणि झोळीतून बाहेर आलेल्या उजव्या हाताच्या मुठीत भात्याचा दांडा. हातानं फिरवायच्या पंख्यासारखं ते यंत्र असतं, दांडा फिरवला की वारा जातो आणि कोळसा फुलतो. ती दांडा फिरवत होती. सावकाश, गोल गोल. झोळीचं निळं कापड मनगटाशी काळं झालं होतं.

"मावशी!" मी ओरडले.

ती दचकली. "काय झालं गं? साप हाय का?"

"हात! हात काय करतोय तुझा?"

तिनं हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. तिला खरंच कळलं नव्हतं. "कोपर बघ की, अंगालाच हाय. वर न्हेला न्हाई. उचललं काय बी न्हाई."

"पण काम करतेस ना!"

"काम?" काका हातोडी थांबवून म्हणाले. "रुबी, तो भाता हाय. भाता म्हंजी काम व्हय? बाळंतीन सुदीक फिरवती."

आणि हे त्या घरात खरं होतं. घिसाड्यांच्या घरात घण मारणं हे काम. भाता फिरवणं ही विश्रांती. पोटुशी बाई, तापातून उठलेलं माणूस, दात पडलेली म्हातारी, ज्यांना काम जमत नाही त्यांनी बसून भाता फिरवायचा. मावशीला काम बंद झालं, म्हणून तिला भात्याला बसवलं. इतक्या प्रेमानं आणि इतक्या सरळपणे की त्यात कुणाला काही चुकतंय असं वाटलंच नाही. आणि भाता बांधलेला होता उजव्या हाताला सोयीचा.

मी जमिनीवर बसले. काठी घेऊन मातीत खांदा काढला, दोरी काढली. "कोपर अंगाला ठेवून हात गोल फिरवला की याच दोऱ्या ओढल्या जातात. जिथं शिवलंय तिथंच ताण येतो."

मावशीनं डाव्या हाताचं बोट मातीतल्या दोरीवर ठेवलं. "कवापासून फिरवतीय मी?" तिनं काकांना विचारलं.

"घरी आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," काका म्हणाले. त्यांनी हातातली फास थंड होऊ दिली. मग उठून त्यांनी भात्याचे खिळे उपटले, तो उचलून भट्टीच्या डाव्या बाजूला नेला आणि पुन्हा ठोकून बसवला. पण त्या दिवसानंतर त्यांनी मावशीला डाव्या हातानंही भात्याला हात लावू दिला नाही.

डॉक्टरांना सांगायला लागलं. मावशीनंच सांगितलं, लाज न बाळगता. डाव्या हातानं हवेत गोल काढून दाखवला. डॉक्टर आधी गंभीर झाले, मग कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशी, मी बारा रोग्यांना हेच नियम सांगितले. भाता निघेल असं मला स्वप्नात तरी आलं असतं का?"

"तुमच्या घरी नसंल भाता."

"नाही ना!"

त्यानंतर मी त्यांना इतर रोग्यांशी बोलताना ऐकलं आहे. नियम सांगून झाले की ते विचारतात, "आणि घरी नुसतं बसता तेव्हा हातानं काय चाळा करता?" बायका सांगतात, वाती वळते, लसूण सोलते, नातवाचा पाळणा ओढते. पाळणा ऐकला की डॉक्टर मान वर करतात.

मावशीची झोळी पुन्हा सहा आठवड्यांसाठी अडकवली गेली. मग व्यायाम सुरू झाला. काकांनी लोखंडाची एक छोटी कप्पी करून शेडच्या आडव्या पाइपाला टांगली. मावशी डाव्या हातानं दोर ओढून उजवा हात वर न्यायची. दुसरा व्यायाम पत्र्यावर. भिंतीच्या पत्र्यावर उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी चढवत न्यायची आणि जिथं थांबतील तिथं कोळशाची रेघ मारायची. पहिली रेघ पोटाशी होती. जूनमध्ये रेघा छातीपर्यंत आल्या. श्रावणात हनुवटीपर्यंत. मी दर सुट्टीला गेले की आधी तो पत्रा बघायची. कानाच्या पाळीपर्यंत रेघा एकीवर एक चढत गेल्या. नंतर मात्र त्या तिथंच एकमेकींवर बसायला लागल्या. पत्र्यावर कानाच्या उंचीला एक जाड काळा पट्टा झाला.

"थकलाय जरा," मावशी म्हणायची. "जाईल वर."

घण कानापर्यंत नेऊन चालत नाही. तो डोक्यावरून यायला लागतो.

सप्टेंबरात पुन्हा स्कॅन झाला. मी फिल्म आधीच पाहिली होती, पण मला बोलायचा अधिकार नव्हता. डॉक्टर खुर्ची ओढून मावशीच्या शेजारी बसले, टेबलाच्या पलीकडं नाही. त्यावरूनच तिला कळलं असावं.

"बरंचसं धरलंय," ते म्हणाले. "पुढचा भाग छान आहे. मागच्या बाजूला जोड पातळ आहे. थोडा सुटलेलाही आहे."

"सवागीनं धरलं का?"

"माहीत नाही." ते थोडे थांबले. "पेशी नसत्या तर सगळंच सुटलं असतं का? भाता फिरवला नसता तर सगळंच धरलं असतं का? एका खांद्यावरून हे मला सांगता येणार नाही. कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका."

मावशीनं मान डोलावली. मग तिनं तो प्रश्न विचारला. "घण?"

"नाही, मावशी."

"हलका घण? बारक्या पोरीचा असतो तसला?"

"नाही. डोक्यावरून घाव घातला की उरलेलंही जाईल. मग वेणीसुद्धा घालता येणार नाही."

"मंग काय करू ते तरी सांगा."

"कोपर अंगाला ठेवून जे जे होईल ते सगळं करा. आता त्याची भीती नाही."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. काका मागच्या बाकावर. येरवडा गेलं, वाघोली गेलं. दसरा तीन आठवड्यांवर आला होता आणि मला बाळासोच्या कंपनीचं गेट दिसत होतं, त्यात टोपी घातलेले काका.

लोणीकंदच्या पुढं मला एक आवाज आला. टिक्. मावशीचा उजवा हात पुढच्या बाकाच्या दांडीवर होता. कोपर अंगाला चिकटलेलं, मनगट मोकळं, हातातल्या बांगडीनं ती दांडीवर ठोका देत होती. टिक्. थोडं थांबून, टिक् टिक्.

"ओ मावशी," कंडक्टर मागून ओरडला, "गाडी थांबवायचीय का? इथं स्टॉप न्हाई!"

"गाडीला कोन बोलतंय?" ती मागं न बघता म्हणाली. "मी म्हाताऱ्याशी बोलतीय."

मी मागं वळून पाहिलं. काका सरळ बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून नकळत थोडासा वर उचलला गेला होता, घण धरल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी चहा पीत होते. काका कोळसा घेऊन आले तर त्यांच्या जागेवर, ऐरणीपाशी, मावशी बसली होती. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडी, पाटा आधीच भट्टीत लाल होत होता.

"ऊठ," काका म्हणाले. "माझी जागा हाय ती."

"तुमी उभं ऱ्हा. घण तिकडं हाय."

"खुळी का काय? गडीमानूस घण मारतो, आन् बाई बसून हातोडी चालवती? आपल्यात कवा झालंय हे?"

"आपल्यात कवा कुनी कमरंचं काढून खांद्यात घातलं व्हतं?"

काकांनी कोळसा खाली टाकला. बाळासोही आदल्या रात्रीच आला होता. तो दारात दात घासत उभा होता. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचा कोंडिबा सगळं बघत होता. त्यानं संधी सोडली नाही.

"रखमाजी!" तो ओरडला. "गादी गेली की रं तुझी! बायको बसली तखतावर!"

"तुझी बायको तुला बाकावर तरी बसू देती का?" काका तिकडं न बघता ओरडले. मग त्यांनी घण उचलला. तीस वर्षं समोरून पाहिलेला घण. त्यांनी तो हातात तोलून बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"लई जड हाय गं ह्यो."

"व्हय? मला वाटलं, पिसाचा हाय," मावशी म्हणाली आणि लाल पाट्यावर हातोडी ठेवली. टिक्.

धाड्. बोटभर बाजूला.

टिक्. धाड्. पुन्हा बाजूला. मावशीनं मोकळ्या ऐरणीवर हातोडी वाजवली. थांब. पाटा पुन्हा कोळशात गेला.

"दिसत न्हाई का? मी कुठं टिक् करते आन् तुमी कुठं मारता?"

"दम धर की."

"तीस वर्सांत मी कवा हुकले का?"

"एकदा हुकलीस. म्हनून तर हे दिवस आले."

बाळासोच्या तोंडातून पाण्याची चूळ उडाली. मावशीला राग आला, मग तिलाच हसू फुटलं आणि ती हसता हसता सांडशीवर वाकली. काकाही हसले, पण धापा टाकत. दुपारपर्यंत एक कोयता झाला. वाकडा होता. मावशीनं तो उजेडात धरून एका डोळ्यानं पाहिला आणि पुन्हा कोळशात टाकला. संध्याकाळी तो सरळ झाला.

रोज मला तिथं असणं शक्य नव्हतं. पण अम्मी सांगायची की पहिला आठवडाभर मोकळ्या ऐरणीचाच आवाज जास्त यायचा. मग कमी होत गेला. काकांचे तळहात फुटले, त्यांना हळद बांधली. मावशीला हातोडी सोपी गेली. घाव कुठं पडला पाहिजे हे तिला तीस वर्षं कुणी तरी टिक् करून सांगत आलंच होतं. आता तेवढंच तिनं सांगायचं होतं. सांडशी वळवून लोखंड फिरवायला ती अडखळायची, तिथं काका घण टेकवून तिला दाखवायचे.

दसऱ्याला ऐरणीला हळदकुंकू लागलं. शेजारी घण, हातोडी, सांडशी मांडली होती. मावशीनं भात्यालाही कुंकू लावलं. "लावते बाई, न्हाईतर रुसंल," असं म्हणाली. अम्मीनं शीरखुर्मा पाठवला होता, तोही ऐरणीपुढं ठेवला गेला. बाळासो आला होता. वॉचमनच्या कामाची गोष्ट कुणी काढली नाही. संध्याकाळी तो उठला, शर्ट काढून दोरीवर टाकला आणि घण उचलून म्हणाला, "दादा, बसा जरा. सुट्टीच्या दिवशी मी हाय."

"टिक् कळतो का तुला?" मावशीनं विचारलं.

"पोटात असल्यापासनं ऐकतोय, आई."

त्या हंगामात त्यांनी केडगावच्या बाजारात कोयते नेले. फडावरच्या टोळ्या कोयता घेताना नेहमी दगडावर वाजवून बघतात. एकानं वाजवला, कान लावला आणि काकांना म्हणाला, "पाणी झ्याक दिलंय, आप्पा." लाल पातं पाण्यात बुडवून कडक करायचं ते कसब. काकांनी मावशीकडं बोट केलं. गिऱ्हाईकानं तिच्याकडं पाहिलं, थट्टा असेल असं समजून हसला आणि तरीही दोन कोयते घेतले.

आमच्या अभ्यासातल्या बारा खांद्यांपैकी काही छान जुळले, काही सुटले, मावशीचा मध्येच कुठं तरी राहिला. त्यावरून डॉक्टरांनी पुढचा, मोठा अभ्यास मांडायला घेतला. या पेशींवर माझा विश्वास आहे, पण आता मी तो थोडा हळू आवाजात सांगते.

गेल्या खेपेला गेले तेव्हा भट्टी चालू होती. काका घण टेकवून उभे होते आणि डाव्या हातानं उजवा खांदा दाबत होते.

"रुबी," ते म्हणाले, "तुझ्या डॉक्टरला इचार. माझ्या बी खांद्यात सवागी घालंल का?"

"आधी तीस वर्सं मारा," मावशी म्हणाली, "मंग जा." आणि तिनं सांडशीतलं लोखंड ऐरणीवर ठेवलं, कोपर अंगाला घेतलं आणि हातोडी उचलली. तिनं टिक् केला नाही. काकांचा श्वास खाली बसेपर्यंत ती हातोडी तशीच धरून थांबली, लोखंड थंड होत होतं तरी.